बागेत गझिबो हवा की नको? आधी लोक कुठे बसतात ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेची वीसेक गुंठ्यांची बाग आहे, तिच्या मधोमध गझिबो, म्हणजे खांबांवर छप्पर असलेला आणि चारही बाजूंनी उघडा बसायचा मंडप, बांधायचा प्रस्ताव आलाय. निम्मे रहिवासी म्हणतात, ज्येष्ठांची सोय होईल. निम्मे म्हणतात, पत्तेवाले आणि दारुडे बसतील, त्यापेक्षा त्याच पैशात मुलांची खेळणी घ्या. आणि तुम्ही विचारताय की सार्वजनिक बागेत गझिबोचा खरंच काही उपयोग असतो का.

मी पंचवीस वर्षं बागा आखते, त्यातल्या बहुतेक लहान शहरांच्या. माझं उत्तर ‘हो, असतो’ असं आहे आणि ते मी मनापासून देते आहे. पण तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला: ‘मधोमध’. गझिबो हवा की नको यावर तुमच्याकडे दोन तट पडलेत. तो कुठे, केवढा आणि कोणासाठी, हे मात्र अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. दारुड्यांची भीती आणि ज्येष्ठांची सोय, दोन्हींचा निकाल त्या तीन गोष्टींवर लागतो.

आधी उपयोगाचं. बाग चालणाऱ्यांची असते तशी बसणाऱ्यांचीही असते, हे आपण विसरतो. गुडघे दुखणारी आजी, सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आलेली आई, नातवाला घसरगुंडीवर सोडून वाट बघणारे आजोबा, घरात जागा नाही म्हणून एमपीएससीचं पुस्तक घेऊन येणारी मुलगी: यांना बागेत फेऱ्या मारायच्या नसतात, टेकायचं असतं. उघड्या बाकावर मार्च ते मे सकाळी दहानंतर बसवत नाही आणि जून ते सप्टेंबर बाक ओला असतो. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ही माणसं एक तर येत नाहीत किंवा पाच मिनिटांत परततात. डोक्यावर छप्पर आलं की त्यांना थांबता येतं. आपल्याकडे पूर्वी हे काम गावातला पार करायचा, वाड्याची ओसरी करायची, देवळाचा सभामंडप करायचा. नवीन वसाहतींत यातलं काहीच नाही, म्हणून बागेतल्या छपराचं मोल वाढलंय.

आता ‘मधोमध’बद्दल. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक बाग घाटमाथ्यावरच्या एका गावात होती. नकाशावर सुंदर दिसतो म्हणून मी बरोबर मध्यावर अष्टकोनी गझिबो घेतला, दीड फूट उंच जोतं, तीन पायऱ्या, वर निमुळतं छप्पर. वर्षभराने पाहायला गेले तर आत एक कुत्रं झोपलेलं आणि पंधरा-वीस माणसं फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दाटीवाटीने बसलेली. मी त्या कठड्यावर तासभर बसून राहिले. तिथून फाटक दिसत होतं, झोपाळे दिसत होते, रस्त्यावरचा भाजीवाला दिसत होता, येणाराजाणारा ओळख देत होता. मधल्या गझिबोतून चारही बाजूंना फक्त हिरवळ दिसायची. माणसाला बसायला जागा हवी असते तशी बघायला माणसं हवी असतात. त्यानंतर मी मध्यावर गझिबो कधीच घेतला नाही. मी तो फाटक आणि खेळायची जागा यांच्या मधे, दोन्हीकडे नजर जाईल असा, मुख्य वाटेपासून चार-पाच पावलांवर घेते.

मध्यावर उंच जोत्यावर बांधायची ही सवय आली कुठून, तेही सांगते, कारण तुमच्या अभियंत्याशी बोलताना उपयोगी पडेल. आपल्या शहरांतल्या जुन्या बागांत बँडस्टँड असायचे. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात आजही आहे, मुंबईत कूपरेजला आहे. वांद्र्याला तर त्या जागेचं नावच बँडस्टँड पडलं. तिथे वादक वर उभे राहायचे आणि ऐकणारे खाली सगळीकडून गोळा व्हायचे. म्हणून तो गोल किंवा अष्टकोनी, म्हणून उंच, म्हणून मध्यावर. त्या कामासाठी ती रचना अगदी बरोबर होती. आपण बसण्यासाठी गझिबो बांधताना तोच आकार उचलला आणि आजीबाईंना वादकांच्या जागी नेऊन बसवलं. चारचौघांत उंचावर, सगळ्यांच्या नजरेसमोर बसायला कोणाला आवडतं? शिवाय त्या तीन पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांना आणि चाकाच्या खुर्चीला बाहेरच ठेवतात. उताराचं साधं गणित आहे: एक फूट चढायला किमान बारा फूट लांब उतार लागतो. दीड फूट जोत्याला अठरा फुटांचा उतार, तो कोणी बांधत नाही, किंवा घसरगुंडीसारखा बांधतं. जोतं सहा इंच ठेवलं तर सहा फुटांत काम होतं. पाणी आत शिरू नये म्हणून सहा इंच पुरतात, भोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार दिला की झालं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येणं बंधनकारक आहे, त्यामुळे ठरावात उताराचा उल्लेख लिहूनच घ्या.

छपराची उंची हा दुसरा मुद्दा, आणि इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. भव्य दिसावं म्हणून वळचण दहा फुटांवर नेतात. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली बरोबर खाली पडते, पण त्या वेळी बागेत असतं कोण? लोक येतात संध्याकाळी पाचला. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर असतो. म्हणजे तीन मीटर उंच वळचणीची सावली जवळजवळ सहा मीटर पूर्वेला सरकून हिरवळीवर पडते आणि आतल्या बाकावर ऊन असतं. तुम्ही तुमच्या शहरातल्या कुठल्याही उंच गझिबोत मे महिन्यात पाचला जाऊन बघा, लोक गझिबोच्या बाहेर, त्याच्या सावलीत गवतावर बसलेले दिसतील.

पावसाचंही तसंच. पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. तीस अंशांचा तिरपेपणा धरा, तो काही फार नाही. वळचण तीन मीटरवर आणि छप्पर खांबांपासून फक्त एक फूट पुढे आलेलं असेल, तर बसण्याच्या उंचीवर पाऊस खांबांच्या आत जवळजवळ सव्वा मीटर येतो. वाऱ्याकडची सगळी बैठक भिजली. तीच वळचण सात फुटांवर, म्हणजे २.१ मीटरवर आणली आणि छप्पर तीन फूट पुढे काढलं, तर पाऊस बाकाच्या पाठीपर्यंतच पोचतो. कोकणातल्या जुन्या घरांची पडवी आठवा: वाकून आत जावं लागतं इतकी वळचण खाली, आणि पागोळ्या अंगणात लांब पडतात. ज्यांनी ती घरं बांधली त्यांना पाऊस कुठून येतो ते पक्कं ठाऊक होतं. सात फुटांवर कोणाचं डोकं आपटत नाही. पश्चिमेच्या उन्हासाठी त्या बाजूला वेल चढवलेली जाळी द्या, किंवा थोडं अंतर ठेवून करंज लावा. गुलमोहर मात्र गझिबोजवळ नको, वादळात त्याच्या फांद्या मोडतात.

छपराच्या साहित्यावर लोक फार भांडतात, मी थोडक्यात आटोपते. नुसता पत्रा तापतो आणि ती धग खाली फेकतो, पावसात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेट (कडक प्लास्टिकचे पत्रे) मी बसायच्या जागेवर वापरत नाही, खाली उष्णता कोंडते आणि काही वर्षांत पिवळं पडतं. मंगलोरी कौलं उत्तम, पण माकडांचा वावर असेल तर दर वर्षी फुटतील. तेव्हा पत्राच घ्या, पण खाली बांबूच्या चटईचा किंवा सिमेंट बोर्डाचा दुसरा थर द्या आणि मधे चार-सहा इंच हवा खेळू द्या. समुद्राजवळ असाल तर लोखंडाला नुसता रंग पुरणार नाही, जस्ताचा मुलामा दिलेलंच घ्या. खांब पायात पक्के हवेत, कारण चारही बाजू उघड्या असल्या की वळवाचा वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. तयार आणून ठेवलेले हलके सांगाडे उडतात ते त्यामुळेच.

आता तुमच्या रहिवाशांची खरी काळजी: पत्तेवाले आणि दारुडे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका.

पत्ते खेळणारे निवृत्त लोक हे बागेचे वैरी नाहीत, त्यांनाही जागा हवीच. अडचण अशी की ते सगळा गझिबो व्यापतात आणि बायका फिरकेनाशा होतात. याचं मूळ त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा बैठकीत शोधा. अष्टकोनी गझिबोत कडेने आत तोंड केलेले बाक असतात. सोळा जणांची सोय असते, पण तीन ओळखीची माणसं बसली की ती जागा त्यांची होते. चौथं अनोळखी माणूस आत आलं तर त्याला त्या तिघांच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, मग ते येतच नाही. मी हे इतक्या बागांत पाहिलंय की आता गोल बैठक काढतच नाही. लांबट आयताकृती गझिबो घेते, साधारण दहा फूट बाय वीस फूट. मधून कमरेएवढी पाठ, तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर तोंड केलेले बाक, आणि एका टोकाला टेबलाभोवती चौघांची बैठक. एका बाजूचे लोक खेळणाऱ्या मुलांकडे बघतात, दुसऱ्या बाजूचे वाटेकडे. टेबलावर सकाळी वर्तमानपत्र, दुपारी अभ्यास, संध्याकाळी पत्ते. चार वेगवेगळे गट एकमेकांना पाठ करून सुखाने बसतात. जागा आणि पैसे परवानगी देत असतील तर एका मोठ्या गझिबोपेक्षा दोन लहान बरे, थोड्या अंतरावर.

बाकाबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती मला एका खांबाने शिकवली. एका बागेत सगळे खांब नीट होते, फक्त बाकालगतच्या दोन खांबांचा रंग कमरेच्या उंचीवर तळव्याएवढा गेलेला, आतलं लोखंड गुळगुळीत चमकत होतं. थोडा वेळ थांबल्यावर कळलं. बाकाला हात नव्हते, म्हणून म्हाताऱ्या बायका उठताना खांब धरत होत्या. ज्यांना खांबालगत जागा मिळाली नाही त्या शेजारणीच्या खांद्याचा आधार घेत होत्या, नाहीतर बसतच नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक बाकाला दोन्ही टोकांना आणि मधेही एक हात असतो. बाकाची उंची १८ इंच, त्याखाली नको. मधला हात झोपायला अडचण करतो म्हणून काही जण तो मागतात. मी तो उठण्यासाठी देते, आणि दुपारी कोणी दमलेला मजूर आडवा होणार असेल तर त्याच्यासाठी एक बाक मुद्दाम सलग ठेवते.

दारुड्यांचं उत्तर जागेत आहे. बाहेरून न दिसणारा, उंच मेंदीच्या आडचा, मागच्या कोपऱ्यातला गझिबो अंधार पडल्यावर वाया जातोच, आणि तो पाडून प्रश्न सुटत नाही, माणसं तिथेच जमिनीवर बसतात. रस्त्यावरून आणि फाटकातून आरपार दिसणारा गझिबो ही मंडळी टाळतात. म्हणून भिंती नकोत, भोवतीची झुडपं अडीच फुटांच्या वर वाढू देऊ नका, बाकाची पाठ कमरेपर्यंतच. दिवा छताच्या आत एकच लावला तर आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही आणि किडे डोक्यावर पडतात. दोन दिवे बाहेर वाटेवर लावा, उजेड आत येईल असे. संध्याकाळी मुली, बायका तिथे अर्धा तास निवांत बसू लागल्या की जागा सुरक्षित झाली असं मी समजते. तरुण जोडपी बसतात म्हणून कोणी तक्रार करेल, करू द्या. उजेडात, चारचौघांत बसून बोलणाऱ्या दोन माणसांनी कोणाचं काही बिघडवलेलं नसतं.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायचा आहे. गझिबो उन्हापावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. चारही बाजूंनी उघडं छप्पर वीज पडताना आसरा ठरत नाही, आणि मोकळ्या मैदानात तेच सगळ्यात उंच असेल तर धोका वाढतोच. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत दर वर्षी माणसं विजेने जातात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. हे दोन ओळींत लिहिलेली पाटी गझिबोवर लावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बागेच्या रखवालदाराच्या फोनमध्ये असू द्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या बागेत जुना वड, पिंपळ, चिंच असेल तर माझी पहिली पसंती पाराला. पानं बाष्प सोडतात, त्यामुळे झाडाखालचा गारवा कुठल्याही छपराला येत नाही. मात्र पार बांधताना बुंध्याला काँक्रीट भिडवू नका, मुळांवर माती चढवू नका, बुंध्याभोवती चांगली मोकळी माती ठेवा. पावसाळ्यात पार भिजतो, तेवढी उणीव राहते. मोठं झाड नसेल तर आज लावलेलं रोप धड सावली द्यायला आठ-दहा वर्षं घेतं. तेवढी वर्षं आजच्या सत्तरीतल्या माणसाला थांबा म्हणता येत नाही, म्हणून गझिबो आज आणि झाडही आजच. बागेत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह नसेल तर ते आधी करा, कारण त्याशिवाय बायका आणि ज्येष्ठ छपराखालीसुद्धा तासभर बसू शकत नाहीत. खेळणी अजिबातच नसतील तर आधी खेळणी घ्या. मुलं आली की त्यांना घेऊन आलेली मोठी माणसं येतात आणि त्यांना छप्पर लागतं, हा क्रम मी अनेक ठिकाणी पाहिलाय. आणि पालिकेकडे झाडलोटीला माणूस नसेल, मे महिन्यात पन्हळीतला पाला काढायला कोणी येणार नसेल, तर लहान आणि साधं बांधा. पन्हळ तुंबली की पाणी छपरात मुरतं, आणि दोन पावसाळ्यांत छताचा आतला थर लोंबायला लागतो.

शेवटी, भांडण मिटवायचा माझा नेहमीचा उपाय. सभेत मतं घेऊ नका. गावातल्या मांडववाल्याकडून दहा बाय दहाचा कापडी मांडव आणि आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आठ दिवसांसाठी भाड्याने आणा. पहिले चार दिवस ठरावात आहे तिथे मध्यावर उभा करा, पुढचे चार दिवस फाटक आणि खेळायच्या जागेमधे. सकाळी आठ, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ, या तीन वेळांना वहीत नोंद करायची: किती बसले, त्यात बायका किती, साठीच्या पुढचे किती, खुर्च्या कुठल्या दिशेला वळवल्या. खुर्च्या सुट्याच ठेवा, कारण माणसं त्या ओढून जिथे नेतात तिथेच पुढे बाक यायला हवेत. एका ठिकाणी चार दिवस रोज संध्याकाळी सगळ्या खुर्च्या वळचणीच्या पूर्वेला, सावली सरकेल तशा सरकत गेलेल्या मिळाल्या. तिथल्या अभियंत्यांनी माझं एकही गणित न मागता छप्पर तीन फूट खाली आणलं.

वही भरली की ती आणि बागेचा साधा हाती काढलेला नकाशा इथे टाका. फाटक कुठल्या दिशेला आहे, पश्चिमेला काय आहे आणि मोठी झाडं कुठे आहेत एवढं त्यावर दाखवा. जागा आणि बाकांची दिशा मी त्यावर आखून देईन.